खाली है

थालीपिठाचं पीठ सहा किलो भिजवायचं की आठ, यावर महिला मंडळात दोन दिवस खल झाला होता. शेवटी आठ किलो भिजवलं, तरी रविवारी दुपारी चारलाच परात निम्मी झाली. गढीच्या उत्सवाला एवढी माणसं येतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. जबलपुरात घमापूरच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी असलेली ती गोंड राजांच्या वेळची गढी एरवी बकऱ्यांच्या ताब्यात असायची. त्या दिवशी मात्र तटाला झेंडूच्या माळा होत्या, आंब्याखाली गोंडी चित्रं काढून देणारे बसले होते, एका कोपऱ्यात बुंदेली गाणी चालली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात खव्याच्या जिलबीची कढई. बाप लोक पोरांना खांद्यावर घेऊन हिंडत होते.

मराठी महिला मंडळाच्या स्टॉलवर प्रणोती थालीपिठं थापत होती. बँकेच्या बदलीनं साताऱ्याहून जबलपूरला येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. नवरा अजून तिकडेच, आणि सोबत सहा वर्षांची दुर्वा. हिंदीच्या नावानं आनंदीआनंद. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' जोडायचं आणि वेळ मारून न्यायची. शेजारच्या अनसूयाकाकू त्यावरून तिची पोटभर थट्टा करायच्या. काकूंचा जन्म इथलाच, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधला. त्यांनीच तिला मंडळात ओढलं होतं.

दुर्वा समोरच्या मांडवात मडकं रंगवत होती. थापता थापता प्रणोतीला तिची वेणी दिसत होती. मग सात-आठ गिऱ्हाइकं एकदम आली, मध्ये उभी राहिली, आणि ती पांगली तेव्हा मडकं जागेवर होतं, ओला कुंचला होता, दुर्वा नव्हती.

पहिली काही मिनिटं माणूस स्वतःचीच समजूत घालतो. इथंच असेल, जिलबीपाशी असेल. काकू म्हणाल्या, "काहून एवढी घाबरून राहिली? पोरगी आहे, हिंडत असेल." पण त्यांनीही पदर खोचला आणि सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. माइकवरून तीनदा नाव पुकारलं गेलं. सूर्य टेकडीआड गेला. जानेवारीतला उजेड तो, बघता बघता आटतो. तेवढ्यात प्रणोतीला भिंतीवर बोटांचे निळे ठसे दिसले. लहान, ओले. मांडवापासून निघून ते सरळ बावडीच्या कमानीकडे गेले होते.

बावडी म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, चार मजले खोल, दोन्ही अंगांनी पायऱ्या. दिवसा लोकांना दाखवायला तिचं लोखंडी दार उघडं ठेवलं होतं. चौकीदार श्यामसुंदर टॉर्च घेऊन आधीच पलीकडच्या पायऱ्यांनी उतरला होता. प्रणोती कमानीशी पोचली, तोच त्याचा आवाज घुमत वर आला.

"खाली है, दीदी... खाली है..."

दुर्वा खाली आहे. बस्स, तिच्या जिवात जीव आला. हाताला पीठ तसंच, मोबाइल स्टॉलवर, पण तिनं एक क्षण वाया घालवला नाही. ती उतरत सुटली.

पहिल्या वळणावर गाणी पुसट झाली. दुसऱ्यावर नुसता ढोलकाचा ठेका उरला. तिसऱ्यावर तोही नाही. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास नाकात भरला, आणि अंधार एवढा की पायानं पायरी चाचपावी लागे. तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. चौकीदाराचा टॉर्चही दिसेना. भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण परत फिरायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. खाली आहे म्हणजे खाली आहे. तिला न घेता वर जायचं नाही.

सगळ्यात खालच्या ओट्यावर भिंतीत कोनाडे होते. ती एकेकात हात घालत गेली. गार दगड, पालापाचोळा, पुन्हा गार दगड. पाचव्या कोनाड्यात तिच्या बोटांना मनगट लागलं. बारीक, ऊबदार, वर दुर्वाची मण्यांची माळ.

"दुर्वा... चल बाळा."

मनगट हलेना. दुर्वा अंग चोरून बसली होती असं नव्हे. पलीकडून कुणीतरी तिला धरून ठेवलं होतं. प्रणोतीनं ओढलं, तेवढंच तिकडून ओढलं गेलं. फार जोरात नाही. खेळातली बाहुली कुणी मागितल्यावर लहान मूल धरून ठेवतं, तितपत.  प्रणोतीनं दुसरा हातही आत घातला, पाय दगडाला रोवले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सोड. माझी आहे ती."

आणि सुटलं. मोठ्या माणसानं दटावल्यावर शहाणं मूल ऐकतं, तसं.

दुर्वाला कडेवर घेऊन ती वर आली. कमानीशी काकू होत्या, आणि पलीकडच्या पायऱ्यांनी केव्हाच वर आलेला श्यामसुंदर, हातात टॉर्च. दुर्वाला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. तो पुन्हा पुन्हा तेच सांगू लागला, की तो तळापर्यंत गेला होता, त्यानं कोनान् कोना पाहिला होता.

"मैंने तो कहा था दीदी, खाली है. कोई नहीं था वहाँ."

काकूंना आधी उमगलं. "अगं, खाली म्हणजे रिकामी," त्या म्हणाल्या. "बावडी रिकामी आहे म्हणून सांगत होता तो. तू उलटंच समजली." आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. प्रणोतीही हसली. चार महिने जी हिंदी तिला नडत होती, ती आज न आल्यानंच पोरगी हाताला लागली होती.

दुर्वा मात्र हसली नाही. ती चौकीदाराकडे बघत होती.

"हे काका आले होते ना, आई. माझ्या तोंडावर बॅटरी मारली. ताई म्हणाली, बोलू नको, त्यांना आपण दिसत नाही."

"कोण ताई?"

"खालची. तिची आई पण आली होती शोधायला. खूप आधी. कमानीत उभी होती. मग कुणीतरी तिला सांगितलं, खाली है." दुर्वानं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "मग ती परत गेली."

 अंधार पडायच्या आत दार बंद करायचं, असा नियम होता. श्यामसुंदरनं दार ओढलं आणि खिशातून कुलूप काढलं.

प्रणोतीनं दाराच्या गजांतून त्या पायऱ्यांकडे पाहिलं. ती आई कोण, कुठली, कधीची, तिला काही ठाऊक नव्हतं. पण कमानीतून पाठ फिरवताना त्या बाईचं काय झालं असेल, ते तिला ठाऊक होतं. तिनं दुर्वाला काकूंच्या कडेवर दिलं.

"काकू, हिला घट्ट धरा. भैया, ताला मत लगाओ."

"प्रणोती, नको..." काकू कुजबुजल्या.

पण तिचं ठरलं होतं. दार ढकलून ती पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि मागं वळून तिनं विचारलं, "दुर्वा, नाव काय गं तिचं?"

"तिला आठवत नाही. तू कुठलंही घे. ती ओ देईल."

प्रणोतीनं श्वास घेतला. कुठलं नाव घ्यावं ते तिला सुचेना. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ओ..."

आवाज बारीक होता. आणि तो तळातून आला नव्हता. पहिल्याच वळणावरून आला होता.