आत्याच्या पेशींच्या दोन बश्या

दोन्ही बश्यांत कर्कपेशींवर (कॅन्सरच्या पेशींवर) सोडलेल्या पांढऱ्या पेशी हर्षदाआत्याच्याच. औषधाचा थेंबही एकच. मग डाव्या बशीतल्या कर्कपेशी मेल्या आणि उजवीतल्या जवळजवळ सगळ्या जिवंत कशा राहिल्या?

सन २०६१च्या मे महिन्याच्या सुट्टीत शाल्मली मालवणच्या सागरी प्रयोगशाळेत आजोबांच्या हाताखाली काम करत होती. आजोबा म्हणजे डॉ. भार्गव केळुसकर, हर्षदाआत्याचे वडील. उजव्या बशीत थेंब टाकला होता शाल्मलीने. आणि परवा अशाच पांढऱ्या पेशी कॅन्सर झालेल्या आत्याला टोचायच्या होत्या.

"आजोबा, मी घोळ घातला. आत्याच्या पेशी वाया घालवल्या," म्हणत ती रडायलाच लागली.

आजोबांनी हातमोजे काढून तिला जवळ घेतलं. "अगो, आधी बघू तरी! बाळू, नोंदी वाच."

बाळू हा तिथला यंत्रमानव. तो म्हणाला, "थेंब दोन्हीकडे सारखाच. डावीकडच्या पांढऱ्या पेशींवर सीडी-फोर नाही. उजवीकडच्यांवर आहे."

"मग तू काहीच बिघडवलेलं नाहीस," आजोबा म्हणाले. "या एनकेटी पेशी. रक्तात फार थोड्या असणाऱ्या पांढऱ्या पेशी. नेहमीच्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, या स्निग्ध पदार्थ ओळखतात. तुझ्या थेंबात तसलाच पदार्थ होता. तो पहिल्यांदा समुद्रातल्या स्पंजात सापडला."

"पण दोघी वेगळ्या का वागल्या?"

"काहींच्या अंगावर सीडी-फोर नावाचं प्रथिन असतं, काहींच्या नसतं. ज्यांच्यावर नसतं, त्या चेतवल्या की पर्फोरिन (शत्रुपेशीला भोक पाडणारं प्रथिन) वापरून स्वतःच मारायला धावतात."

"आणि उजवीकडच्या नुसत्या बसून राहिल्या?"

"ते बशीतल्या द्रवालाच विचारू."

बाळूने द्रव तपासला. पडद्यावर सायटोकाइन्सची (पेशींनी एकमेकींना धाडलेल्या रासायनिक निरोपांची) यादी उमटली. डावीकडून बहुतेक 'हल्ला करा' असेच निरोप गेले होते. उजवीकडून तेही गेले होते, शिवाय 'प्रतिपिंडं बनवा' आणि 'जरा सबुरीने घ्या' असेही.

शाल्मलीने डोळे पुसले. ती यादी पुन्हा वरपासून वाचू लागली.

"आजोबा, बशीत तर फक्त कर्कपेशी होत्या. निरोप ऐकायला कुणी नव्हतंच!"

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर! शरीरात मात्र ऐकून धावून येणाऱ्या पेशी असतात," ते म्हणाले. गेले चार महिने लेकीच्या काळजीने त्यांना धड झोप नव्हती.

दोघांनी सगळी माहिती इस्पितळात पाठवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मारणाऱ्या पेशी जास्त, निरोप देणाऱ्या थोड्या, असं प्रमाण ठरवलं.

गणपतीपर्यंत आत्याची गाठ निम्म्याहून लहान झाली. गौरीच्या जेवणाला ती स्वतः चालत आली आणि तिने घावन दोनदा मागून घेतले.

"शालू, माझ्या उरलेल्या पेशींचं काय केलंत गो?" तिने विचारलं.

"गोठवून ठेवल्यात. काही आजारांत शरीर स्वतःवरच हल्ला करतं ना, तिथे 'सबुरीने घ्या' सांगणाऱ्या उपयोगी पडतील का, ते बघायचंय."

"कोण बघणार?"

शाल्मलीने आजोबांकडे पाहिलं.

"तीच बघेल," आजोबा म्हणाले. "मी थेंब मोजून देईन."