राधेची पाठवणी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी नारायण पेठेत जाऊन हेमाताईंना विचारावं. त्या चहा देतील. जास्त काही बोलणार नाहीत.

भुताची गोष्ट म्हटली की मुलं आधी विचारतात, रात्र किती झाली होती? रात्र नव्हतीच. गेल्या हिवाळ्यातली सकाळ होती. दूधवाला येऊन गेला होता. समोरच्या गॅलरीत कोणीतरी गादी झटकत होतं.

अशा लख्ख उजेडात हे घडलं.

हेमाताईंचे यजमान यज्ञेश्वरराव बँकेतून निवृत्त झालेले. सरळमार्गी माणूस. व्यसन एकच. जुनी डिझेल जीप, चारही चाकांना ताकद देणारी, कापडी टपाची. लग्नाआधी सरकारी लिलावात घेतलेली. चिखल, दगड, ओढा, काही पुढ्यात आलं तरी हटायची नाही.

तिचं नाव राधा.

आता नवऱ्याने जीव लावलेल्या गाडीचं नाव राधा असेल, तर बायकोला काय वाटत असेल, ते सांगायला नको.

हेमाताईंना वाटायचं. चांगलंच वाटायचं. दर रविवारी यज्ञेश्वरराव पार्किंगमध्ये पोतं अंथरून राधेच्या पोटाखाली शिरायचे. बाहेर फक्त पाय दिसायचे. हेमाताई जिन्यात उभ्या राहून त्या पायांशी बोलायच्या.

"अहो, पोहे गार झाले."

"आलोच. राधेला ग्रीस भरतोय."

"भरा. मीही थोडं तोंडाला फासते, म्हणजे माझ्याकडे बघाल."

पाय हसायचे. बाहेर मात्र यायचे नाहीत.

राधेला नवा टप शिवला, त्या वर्षी बेडरूमचा फाटका पडदा तसाच राहिला. दसऱ्याला राधेला झेंडूचा भरगच्च हार. हेमाताईंना गजरा आणायचं राहून गेलं. "गर्दी फार होती गं मंडईत." हाराला गर्दी नव्हती, गजऱ्याला होती.

पण वय कुणाला सोडतं? राधेची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजून पापडासारखी झाली. पुन्हा पासिंग होण्यासारखी राहिली नाही. कडक क्लच दाबून दाबून यज्ञेश्वररावांचा डावा गुडघा कामातून गेला. जिना चढताना ते कठडा धरून एकेक पायरी चढायचे. एकदा कात्रजच्या घाटात ब्रेक लागेना. कसेबसे वाचले.

त्या संध्याकाळी हेमाताई शांतपणे म्हणाल्या, "आता ती राहील नाहीतर मी राहीन. जी काही वर्षं उरलीत ती मला हवीत. अख्खी. तिचं उष्टं नको."

यज्ञेश्वरराव गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "तूच काय ते बघ."

हेमाताईंनी बघितलं. हडपसरच्या योगेश नावाच्या भंगारवाल्याला बोलावलं. तो क्रेन घेऊन आला. यज्ञेश्वरराव खाली उतरले नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आणि इथे हेमाताईंच्या हातून ती गोष्ट घडली.

त्या ताट घेऊन खाली आल्या. राधेच्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. डाव्या सीटवर, जिथे आयुष्यभर त्या स्वतः बसल्या होत्या तिथे, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. रीतसर ओटी भरली. त्यात थोडी माया होती. जास्त टोमणा होता. सवत एकदाची निघाली, तिची पाठवणी थाटात करावी, असा.

योगेश हसला. "मावशी, भंगारात चाललीय ती. माहेरी नाही."

"कुठेही जाईना. आमच्याकडून बाई रिकाम्या ओटीने जात नाही."

क्रेनने राधेला उचललं. पुढची चाकं हवेत लोंबली. फाटकातून बाहेर पडताना राधा जराशी हेलकावली, मान वळवल्यासारखी...

आणि हेमाताईंच्या तोंडून निघून गेलं, "ये हो."

आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. निरोप देणाराही 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतो. लहानपणी आजी-आयांनी टोकून टोकून लावलेली ही सवय. जिभेला इतकी वळलेली, की शब्द निघाल्यावर मनाला कळतं.

राधा गेली. दोन दिवसांनी योगेशचा फोन आला. "मावशी, गॅस कटरने कापली. पत्रा वेगळा, इंजिन वेगळं. आता काही राहिलं नाही."

हेमाताईंनी त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतरची ती सकाळ. गॅसवर चहा उकळत होता. यज्ञेश्वरराव हॉलमध्ये पेपर वाचत होते.

खालून आवाज आला.

टक्.

मग... काहीच नाही.

नुसती शांतता. पण ती साधी शांतता नव्हती. हेमाताईंनी ती वर्षानुवर्षं ऐकली होती. जुनं डिझेल इंजिन थंडीत एकदम सुरू होत नाही. किल्ली थोडी फिरवायची, आतली तार तापू द्यायची, थांबायचं. याला हीटर देणं म्हणतात. किती थांबायचं, ते ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक असतं.

तेवढाच वेळ गेला.

घर्र... घर्र... घर्र...

चहा उतू गेला. हेमाताई हॉलमध्ये आल्या. यज्ञेश्वररावांच्या हातात पेपर तसाच होता. डोळे पेपरवर होते.

पण त्यांचा डावा पाय... हळूच फरशी दाबत होता.

"ऐकलंत का?"

"काय?"

हेमाताई तशाच खाली धावल्या. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. राधेची जागा रिकामी. इमारतीतली कबुतरं सगळीकडे दाणे टिपत फिरत होती. फक्त त्या लांबट चौकोनात एकही नव्हतं. कडेपर्यंत यायची आणि वळायची.

हेमाताईंनी चप्पल काढून त्या जागेत पाय ठेवला.

फरशी कोमट होती.

मधोमध ऑइलचा एक थेंब. ताजा. काळा.

त्यांनी फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता.

मुलगी अस्मिता बाणेरला राहते. तिला वाटलं, बाबांना करमत नसेल. तिने आपली छोटी ऑटोमॅटिक गाडी त्यांना आणून दिली. राधेच्या जागी लावली. पुढचा डावा दरवाजा अस्मिताला उघडायचा. नातीला, ओवीला उघडायचा. हेमाताईंनी हात लावला की...

हलायचा नाही.

"आई, ओढ की जरा नीट."

"ओढतेय. मला बसू द्यायचं नाहीये तिला."

"कुणाला?"

लेकीला काय सांगणार? शेवटी हेमाताई मागच्या सीटवर बसल्या. आपल्याच नवऱ्याच्या गाडीत, पाहुण्यासारख्या. थोड्या दिवसांनी अस्मिता गाडी परत घेऊन गेली.

मग यज्ञेश्वरराव खाली जाऊन बसू लागले. स्टूल न्यायचे. रिकाम्या जागेत, भिंतीकडे तोंड करून. हात मांडीवर नसायचे. पुढे उचललेले, काहीतरी धरल्यासारखे. चेहऱ्यावर असं हसू, की हेमाताईंनी ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेजारच्या शैलाताई जिन्यात भेटल्या. "काय हो हेमाताई, यज्ञेश्वरराव ड्रायव्हिंग क्लास काढताहेत का?"

"हो. तुमचं नाव घालू?" म्हणून हेमाताई वर आल्या, आणि दार लावून रडल्या.

भीतीने नाही. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. गाडी होती तेव्हा निदान समोर दिसायची. तिच्याकडे बोट दाखवता यायचं. आता दिसतही नाही, आणि माणूस सगळा तिचाच. जेवताना घास हातात तसाच राहायचा. शर्टांना डिझेलचा वास यायचा. धुतलेल्या शर्टांनाही.

वर्षं मागितली होती आपण. राधा ती घेऊन चाललीये.

भांडी विसळताना त्यांना आठवलं. आपण काय बोललो होतो ते.

ओटी भरली. आणि 'ये' म्हटलं.

तिला कोणी बोलावलं होतं? आपणच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यज्ञेश्वरराव दाढी करत असताना त्या आधी खाली गेल्या. त्या जागेच्या मधोमध उभ्या राहिल्या. पायांखाली ऊब होती.

टक्.

अगदी जवळ. पोटाशी.

हेमाताईंनी आयुष्यात कुणाला तो शब्द उच्चारला नव्हता. भांडून निघालेल्या जावेलाही नाही.

"जा," त्या म्हणाल्या.

शांतता.

"राधा, जा इथून. जे तुझं असेल ते घे, आणि जा. परत येऊ नकोस."

घर्र... घर्र... आणि इंजिन लागलं.

समोर काही नव्हतं. पण हेमाताईंच्या साडीच्या निऱ्या थरथरत होत्या. गरम वाऱ्याचा झोत अंगावरून गेला. आवाज फाटकाकडे सरकला. गल्लीत वळला. गिअर बदलल्याचं स्पष्ट ऐकू आलं. मग नदीच्या बाजूला दूर... दूर... आणि संपला.

कबुतरं फडफडत त्या चौकोनात उतरली.

हेमाताईंनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मागे वळल्या.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर यज्ञेश्वरराव उभे होते. गालाला साबण तसाच. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते फाटकाकडे पाहत होते. मग त्यांनी हेमाताईंकडे पाहिलं. रागाने नाही. कशानेच नाही.

वळले, आणि जिना चढून गेले.

कठडा न धरता. भराभर.

त्यानंतर आवाज आला नाही. ऑइलचा थेंब नाही. शर्टांना नुसता साबणाचा वास. यज्ञेश्वरराव दिवसभर घरात. मटार सोलून देतात. संध्याकाळी देवळात सोबत येतात. हेमाताईंनी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. त्या सुखावल्या होत्या. खोटं का सांगा?

मग एकदा मटार सोलताना त्या सहज म्हणाल्या, "अहो, आठवतं? लग्नानंतर पानशेतला नेलंत. चिखलात रुतलो. मी नव्या शालूत मागून गाडी ढकलली, आणि माझं सगळं तोंड चिखलाने भरलं. तुम्ही हसून हसून खाली बसलात."

यज्ञेश्वररावांनी एक शेंग सोलली. दुसरी सोलली.

"आपण बसने गेलो असू," ते म्हणाले.

"अस्मिता झाली तेव्हा? नदीला पूर होता. रिक्षा मिळेना. पाण्यातून कुणी नेलं मला?"

ते बराच वेळ आठवत राहिले. शाळेत न आलेल्या धड्यावर प्रश्न विचारला की मूल असं बघतं. मग नम्रपणे म्हणाले, "कुणीतरी नेलं असेल."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सगळं ठीक. बँकेतल्या जुन्या साहेबांची नावं ते ओळीने सांगतात. पाढे येतात. विजेचं बिल स्वतः भरतात. फक्त ते दिवस नाहीत.

ज्या ज्या दिवशी राधा सोबत होती, तो एकही दिवस नाही.

आणखी एक आहे. राधेच्या गरम सायलेन्सरला टेकून त्यांच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग पडला होता. तरुणपणीचा. औषध हेमाताईंनीच लावलं होतं. आता तिथली कातडी लहान मुलासारखी गुळगुळीत आहे. डॉक्टर म्हणाले, वयानुसार डाग फिके होतात.

हेमाताई मला हे सांगत होत्या, तेव्हा दुपारचं ऊन हॉलमध्ये आलं होतं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"त्या दिवसांत आम्ही तिघंच असायचो. ते, मी आणि ती. आता त्यातलं मला एकटीला आठवतं. ते खरंच घडलं, हे सांगणारं दुसरं कुणी नाही. रोज सकाळी खाली जाऊन उभी राहते. 'ये' म्हणावंसं वाटतं. ओठापर्यंत येतं."

"मग म्हणत का नाही?" मी विचारलं.

"म्हटलं, आणि ती त्यांना घेऊन आली तर?" हेमाताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मग आत चहा करताहेत ते कोण?"



इतक्यात यज्ञेश्वरराव ट्रे घेऊन बाहेर आले. प्रसन्न चेहरा. स्वच्छ नखं. आधी माझ्यापुढे कप ठेवला. मग दुसरा कप उचलला, साखरेचा चमचा वर धरला, आणि हेमाताईंकडे पाहून हसले. फार सभ्य हसू.

"तुम्ही किती घेता?"

हेमाताईंनी पदर सारखा केला.

"एक चमचा," त्या म्हणाल्या.