हातमोजा

दिगंबर ठोसरच्या मानेवरची कातडी काचेच्या नळीत, द्रावकात तरंगत होती. तिच्यावर बोटभर रुंदीचा काळा ओरखडा होता. कुंभेरीच्या रबरी पट्ट्यांच्या कारखान्यातल्या या कामगार पुढाऱ्याला काल पाळी सुटताना कुणीतरी मागच्या आवारात गाठले होते. रबराच्या जड वस्तूने आधी मान आणि मग तोंड फोडले होते. जबडा मोडून आत गेला होता. एक डोळा सापडलाच नव्हता.

यंत्राच्या पोलादी भुजेने नळी उचलली, हलवली आणि भट्टीत सोडली. तळमजल्यावरच्या शवगृहात कातडी कापली तीही अशाच भुजेने.

"किती वेळ?" इन्स्पेक्टर बोडकेंनी विचारले. ते सारखे खिडकीकडे जात होते. खाली आवारात पोलीस गाडी उभी होती आणि तिच्यात फोरमन यशवंत खिलारे बसला होता. ठोसरशी त्याचे परवाच कडाक्याचे भांडण झाले होते. फाटकाबाहेर अख्खा कारखाना लोटला होता.

"चहा येईपर्यंत," तुषार लोखंडे म्हणाला. 'पारखी' हे यंत्र त्यानेच बांधले होते. "रबर म्हणजे नुसतं रबर नसतं, साहेब. ते विटू नये म्हणून एक रसायन, लवकर शिजावं म्हणून दुसरं, मऊ राहावं म्हणून तेल. प्रत्येक मालाची फोडणी निराळी. त्याला आम्ही घटकठसा म्हणतो. पारखी तो वेगळा काढतो आणि माल ओळखतो."

"म्हणजे आमटी चाखून सासू सांगते, कुठल्या सुनेनं केली, तसं."

"सासू चुकली तर भांडण होतं," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी रेगे पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "इथे माणूस जातो."

अहवालात फेरफार होतात अशी ओरड झाल्यापासून सरकारने नियम केला होता : खुनाच्या तपासातला अहवाल तयार होताच जाहीर व्हायचा. मध्ये माणूस नाही. एका नमुन्याचा अहवाल एकदाच.

पडद्यावर वर्णलेख, म्हणजे घटकांचा आलेख, उमटला. एकामागून एक शिखरे, आणि खाली निष्कर्ष : 'रबर : खिलारे यांच्या विभागातील पट्टा. जुळणी निश्चित.' त्याच क्षणी फाटकाबाहेरच्या शेकडो फोनवर तीच ओळ उमटली. बाहेरून एकच आरोळी उठली.

हेमांगी मात्र त्याखालची बारीक ओळ वाचत होत्या. 'वगळलेले : हातमोजा.'

"तुषार, हा हातमोजा कुणाचा?"

"अहो मॅडम, नेहमीचंच. तुमच्याच जुन्या नोंदींवरून शिकलाय पारखी."

"आम्ही लिहायचो ते ठीक होतं. नमुना हाताळताना आमच्या हातमोज्याचं रबर त्याला लागायचं. म्हणून कुठलंही बारीक, अनोळखी शिखर दिसलं की बाजूला 'हातमोजा' लिहून सोडून द्यायचो. पण या नमुन्याला हात कुणी लावला?"

तुषारने भुजेकडे पाहिले. "कुणीच नाही."

"मग?"

"पारखीला हातमोजा म्हणजे काय तेच माहीत नाही," तो सावकाश म्हणाला. "त्याच्या लेखी, थोडं आणि अनोळखी म्हणजे हातमोजा."

हेमांगींनी वगळलेली शिखरे परत आणली. ती बुटकी होती, पण नीट एका ओळीत होती. "हा पट्टा नाही. तेलाला टिकणारं रबर आहे, जाड दाबनळीचं. ठोसर आणि खिलारे एकाच विभागातले. पट्ट्याची भुकटी ठोसरच्या कातडीत वर्षानुवर्षं मुरत होती. जास्त आहे ते कामाचं, बोडके. थोडं आहे ते माराचं. खिलारेला आत आणा. आत्ता!"

बोडके जिन्यावरून धावत सुटले. ते अर्ध्यात असतानाच फाटक कोसळले.

हेमांगींनी खिडकी उघडली. गाडीचे दार लोकांनी पहारीने उचकटले होते. खिलारेला केसांना धरून बाहेर ओढले. त्याचे डोके पायरीवर आपटले.

"अरे, मी नाही रे!" तो ओरडत होता. "तात्या, तू तरी सांग यांना!"

पिकल्या मिशांच्या तात्याने त्याच्या तोंडावर लाथ घातली. मग कुणी पुढे, कुणी मागे असे राहिले नाही. ज्याला जागा मिळेल तो एक लाथ मारून बाजूला होत होता आणि मागचा पुढे येत होता. बरगड्या मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. "थांबा! अहवाल चुकलाय!" तुषार घसा फुटेस्तोवर ओरडला. एकदोघांनी वर पाहिले आणि पुन्हा लाथ उचलली. बोडकेंनी हवेत गोळ्या झाडल्या. गर्दी रस्त्यावर हटली तेव्हा खिलारेचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता आणि त्याचा एक हात भलत्याच दिशेला वळला होता.

ताब्यातल्या माणसाचा मृत्यू झाला की तपासणी आपोआप सुरू होत असे. शवगृहातल्या भुजेने खिलारेच्या छातीवरची कातडी कापली.

"पारखीतला तो हातमोज्याचा नियम काढ," हेमांगी म्हणाल्या.

"परवानगी लागते. विचारलीय. उद्या मिळेल."

वर्णलेख उमटू लागला. उंच शिखर एकही नव्हते. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते गवत उगवले होते. शेकडो बुटांचे रबरी तळवे, प्रत्येकाचा अंश थोडा, आणि प्रत्येक दुसऱ्यात इतका मिसळलेला की यंत्राला कुणाचीच ओळख पटत नव्हती.

'वगळलेले : हातमोजा. रबर : आढळले नाही.'

रस्त्यावर पुन्हा फोन वाजले. या वेळी आरोळी उठली नाही. बराच वेळ कुजबुज चालली. मग मोडक्या फाटकातून तात्या आत आला. त्याच्यामागून बाकीचेही आले, संथपणे, टोप्या हातात घेऊन. बोडके पायरीवर उभे होते. त्यांच्या सदऱ्यावर खिलारेचे रक्त होते.

"साहेब, आमच्या विभागातला माणूस होता तो," तात्या म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "आमच्यातलं कुणी नव्हतं, ते तर यंत्रानंच सांगितलंय. मग कुणी मारलं त्याला?"

बोडके एक पायरी वर सरकले.

"फक्त नाव सांगा," मागून कुणीतरी म्हणाले. "पुढचं आम्ही बघून घेतो."