रोज सकाळी एक बदल

लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्याने निघाली, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला एक वायर आडवी आली.

वायर भिंतीतल्या प्लगमधून निघून, दोन पायऱ्या ओलांडून एका लॅपटॉपात शिरली होती. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर होता तो पायरीवर बसून, जिभेचं टोक दातांत धरून काहीतरी टाइप करत होता.

"एक मिनिट," वर न बघता तो म्हणाला. "जिना बंद आहे."

"लिफ्ट बंद आहे. जिना बंद नसतो."

"आता आहे. दहा वाजून बारा मिनिटांनी उघडेल."

तिने घड्याळात पाहिलं. दहा अकरा. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात कॉफीचं झाकण, जे कधीच नीट बसत नसे – आणि ती खरंच एक मिनिट थांबली. वायर ओलांडून जाता आलं असतं, तिचे पाय काही इतके आखूड नव्हते. तरी ती थांबली. बाहेर भुरभुर पडत होती, खिडकीच्या फटीतून ओला वारा येत होता आणि त्याच्या कपाळावरची एक बट सारखी उडत होती, आणि त्याला तिचं सोयरसुतक नव्हतं. मग त्याने एक बटण दाबलं, हुश्श केलं, दोन्ही हातांनी वायर फाटकासारखी उंच धरली आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"या."

ती वाकून खालून गेली. पाचव्या मजल्यावर आपल्या खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की झाकण अजून हातातच आहे आणि अर्धी कॉफी जिन्यावर सांडली आहे.

घरात ती सगळ्यात धाकटी, म्हणून ठकी. ऑफिसात मात्र तिच्यावर बावीस कोठारांचा भार होता. कोठारं म्हणजे खरी नव्हेत, क्लाउडवरची. कंपनीचे प्रोग्रॅम चालायला जे जे लागतं त्या सगळ्यासकट एकेक प्रोग्रॅम गाठोड्यासारखा बांधून ठेवायचा, त्या गाठोड्याला म्हणायचं इमेज, आणि इमेज जिथे ठेवायच्या ती रजिस्ट्री. आजवर ज्याला हवी त्याने स्क्रीनवर चार बटणं दाबून हाताने रजिस्ट्री बनवली होती. कोणाची कुठली, आत जायची परवानगी कोणाला, याचा कोणालाच पत्ता नव्हता. ठकीला कामावर घेतलं ते हा गोंधळ निस्तरायला. बावीसच्या बावीस रजिस्ट्र्या तिने एका फाइलमध्ये कोडने लिहून काढायच्या: नाव हे, परवानगी यांना, बस. रोज सकाळी दहाला एक प्रोग्रॅम ती फाइल वाचणार, क्लाउडवर खरंच तसंच आहे का बघणार, आणि नसेल तर फाइलप्रमाणे करून टाकणार. फाइलमध्ये नाही ते जगात नाही, असा त्याचा खाक्या.

तिच्या वरच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. सलग सात दिवस त्या प्रोग्रॅमने 'काही बदल नाही' असं म्हटलं पाहिजे, की काम पुरं झालं आणि ठकी कायम झाली. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर मग बघू. मॅडमच्या 'बघू'चा अर्थ सगळ्या मजल्याला ठाऊक होता.

आणि रोज सकाळी प्रोग्रॅम म्हणायचा – एक बदल.

रोज तोच. एकविसाव्या रजिस्ट्रीत कोणीतरी एक जास्तीची परवानगी हाताने घालून ठेवलेली असे. प्रोग्रॅम ती काढून टाके. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. ठकीने आपली फाइल उलटसुलट वाचली. एकदा तर रात्री झोपेत आपणच उठून हे करत नाही ना, अशीही शंका तिला येऊन गेली. नोंदीत नाव निघालं ते खालच्या मजल्यावरच्या सामाईक खात्याचं, जे चौदा माणसं वापरत होती. तिने सगळ्यांच्या ग्रुपवर विचारलं, हे कोण करतंय. तीन जणांनी अंगठा दाखवला. उत्तर कोणीच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली. ती जिन्यानेच गेली.

चांगलं कॉफीचं मशीन दुसऱ्या मजल्यावर होतं, हे एक कारण. जिना चढणं तब्येतीला बरं, हे दुसरं. दहा वाजून दहा मिनिटांनी तो तिथे असायचाच, हे कारण तिने यादीत धरलं नव्हतं.

"इथेच का बसता?" तिने विचारलं. आमच्या मजल्यावर फार गलका असतो, तो म्हणाला. त्याचं काम ग्राहकांचे फोन घेण्याचं, आणि त्यातल्या एका ग्राहकाचं यंत्र रोज सकाळी रुसतं, त्याची तो समजूत काढतो.

"रोज?"

"रोज. फार मानी आहे. तुमचं काय काम?"

"मी सकाळपासून डोकं फोडून इथे विसाव्याला येते. जिन्यावर कामाचं बोलायचं नाही, असा नियम करू या का?"

नियम ठरला, आणि त्या नियमानेच सगळा घोळ केला.

मग ते कामाचं सोडून सगळं बोलले. त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, ठकीच्या दादाचं घोरणं, जिन्याच्या कठड्यावर कोणीतरी कोरलेला बदाम आणि त्यातलं पुसट झालेलं एक अक्षर. ती मनातल्या मनात त्याला जिनेवाला म्हणायची. एके दिवशी त्याने तिच्यासाठी पायरीवर रुमाल अंथरला. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली आणि स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं. मग तिसऱ्या दिवशी, ती निघाली तेव्हा, "आज दोन मिनिटं कमी बसलात" असं म्हणाला. हे काय होतं? तक्रार? हिशेब? की… छे. क्लाउडवरच्या बावीस रजिस्ट्र्यांचं एक वेळ समजेल, पण या माणसाचं सरळ काय आणि वाकडं काय, तिला काही उलगडेना.

घरी वहिनी चार महिन्यांच्या बाळाला खांद्यावर टाकून थोपटत उभी असे. तिला झोप नसली तरी नजर पक्की होती. ठकी बाळाचे लंगोट वाळत घालता घालता मधेच थांबते, एकच लंगोट दोनदा झटकते, हे तिने हेरलं.

"ठके, कोण आहे?"

"कोणी नाही गं. एक परवानगी आहे, रोज काढते आणि रोज परत येते."

"अगं बाई," वहिनी बाळाच्या कानात म्हणाली, "आत्याचं प्रकरण दिसतंय तितकं साधं नाही."

महिना संपायला दहा दिवस उरले तेव्हा मॅडमनी ठकीला बोलावून घेतलं. आता विचारत बसू नकोस, त्या म्हणाल्या, कुलूप लाव. त्या सामाईक खात्याला रजिस्ट्रीत काही बदलताच येणार नाही असं फाइलमध्ये लिही. ज्याचं अडेल तो आपणहून येईल.

ठकीने चार ओळी लिहिल्या. बुधवारी दुपारी कुलूप लागलं. गुरुवारी सकाळी दहाला प्रोग्रॅमने रोजची परवानगी शेवटची काढली. शुक्रवारी दहाला तो म्हणाला – काही बदल नाही.

पण गोष्ट घडली ती गुरुवारीच. प्रोग्रॅमचं काम आटोपल्याबरोबर ती कॉफी न घेताच जिन्याकडे पळाली. तिला आज नियम मोडायचा होता. त्याला सांगायचं होतं, की मी एक लढाई जिंकले.

जिनेवाला उभा होता. कानाला फोन, दुसऱ्या हातावर लॅपटॉप तोललेला, चेहरा पांढराफटक.

"हो ताई, मी बघतोय… नाही, रोज होतं ते, आज होत नाहीये… साडेदहाच्या आत करतो."

फोन ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नियम त्यानेच मोडला. रक्त तपासणारी एक लॅब आहे. तिचं यंत्र रोज साडेदहाला आपल्याकडून नवी इमेज घेतं, मग रिपोर्ट छापले जातात. त्यासाठी त्या यंत्राला एक परवानगी लागते. ती रोज दहाला कोणीतरी काढतं, मी सव्वादहाच्या आत परत घालतो. "आज मला घालताच येत नाही. हात बांधल्यासारखं झालंय. साठ माणसांचे रिपोर्ट आहेत."

ठकीने स्क्रीनवर नजर टाकली. एकविसावी रजिस्ट्री. तिने स्वतः लिहिलेलं नाव.

वर जाऊन गुपचूप कुलूप काढता आलं असतं. त्याला कधी कळलंही नसतं. पण साडेदहाला तेरा मिनिटं उरली होती, आणि त्याने उद्यापासून पुन्हा हातानेच केलं असतं तर तिचे सात दिवस कधीच भरले नसते. आणि तसंही, या चेहऱ्यासमोर खोटं बोलायचं म्हणजे…

"काढणारी मीच," ती म्हणाली. "कुलूपही माझंच आहे."

तो बघतच राहिला. "रोज दहाला?"

"रोज दहाला."

पुढची दहा मिनिटं दोघं एकाच पायरीवर बसून होते, पण कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तिने फाइलमध्ये ती परवानगी नीट लिहिली, कोणत्या लॅबसाठी, कोणाच्या जबाबदारीवर. त्याने वाचून मान्य केलं, मॅडमनी वरून मान्य केलं, ठकीने प्रोग्रॅम चालवला. दहा अठ्ठावीसला त्याचा फोन वाजला. यंत्र चालू झालं होतं.

"आभारी आहे, मॅडम," तो म्हणाला. मॅडम. तिला. वायर गुंडाळून तो खाली निघून गेला.

शुक्रवारी तो जिन्यावर नव्हता, सोमवारीही नव्हता. ठकीने दोन्ही दिवस कॉफी सांडू न देता पाचवा मजला गाठला, आणि तिला अजिबात आनंद झाला नाही. रागावला असेल. का रागावू नये? मी त्याची रोजची सकाळ मोडत होते. पण मग तोही माझी मोडत होताच की. मग मी का रागावत नाही? प्रोग्रॅम आपला रोज म्हणत होता, काही बदल नाही, काही बदल नाही, आणि ठकीला वाटायचं, याला काय कळतंय.

मंगळवारी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं. झाल्या प्रकाराची चौकशी, कागदोपत्री. ठकीने आधीच सांगून टाकलं, की कुलूप लावण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन विचारायला हवं होतं, चूक माझी. तो म्हणाला, चूक माझी. मॅडमनी चष्मा काढला.

"तुमचीच आहे. हिची फाइल चोख आहे. परवानगी हवी तर वर एक फॉर्म भरून द्यायचा, हे तुमच्या मजल्यावर महिन्यापूर्वी सांगितलंय. पाच मिनिटांचं काम. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग रोज हाताने का करत होतात?"

त्याचे कान लाल झाले, आधी डावा, मग उजवा. मॅडमनी एकदा त्याच्याकडे, एकदा ठकीकडे पाहिलं आणि चष्मा परत घातला. दिवस गुरुवारच्या बदलानंतर नव्याने मोजायचे, त्या म्हणाल्या. सात भरले की त्या सही करतील. तुम्ही दोघं जा आता.

तो झपाझप जिन्याकडे गेला, ती त्याच्यामागे. चौथ्या मजल्याच्या वळणावर तिने त्याला गाठलं.

"का नाही भरला फॉर्म?"

"राहू द्या ना."

"राहू द्या काय? महिनाभर मला वाटत होतं मला वेड लागलंय. मला कळायला नको?"

त्याने कठडा धरला. पहिले दोन दिवस त्याला खरंच माहीत नव्हतं, परवानगी कुठे जाते ते. तिसऱ्या दिवशी कळलं. फॉर्म भरायला घेतला, अर्धा भरलाही. "मग वाटलं, हा दिला की परवानगी कायमची मिळेल. मग दहाला इथे येऊन बसायला मला काही कारण उरणार नाही. आणि तुम्ही… कॉफी घेऊन…" तो थांबला. "त्या पायरीवर बसायला मला एक काम लागत होतं. साठ माणसांचे रिपोर्ट त्यापायी अडले असते. त्याची इतकी लाज वाटली, की तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाही. तुमच्यावर राग कसला?"

ठकीला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, आणि दोन्हींपैकी आधी काय आवरावं हे तिला कळेना.

"फॉर्म कुठाय?"

"अजून आहे. अर्धा."

"फाडून टाका. परवानगी मिळाली आता." ती दोन पायऱ्या वर चढली, कारण खाली, त्याच्या इतक्या जवळ उभं राहून पुढचं बोलता आलं नसतं. "उद्या दहा वाजता तुम्हाला जिन्यावर काही काम नाही."

"नाही," तो उदास होऊन म्हणाला.

"तरी ये."

तिने 'ये' म्हटलं. 'या' नव्हे. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि ती वळून जी चढत सुटली ती पाचवा मजला, आपला दरवाजा, आपली खुर्ची, सगळं मागे टाकून थेट गच्चीच्या बंद दारापाशी पोचली. पुढे जायला जागा नव्हती. दाराला पाठ लावून, छातीवर हात ठेवून ती उभी राहिली आणि खालून येणारी पावलं ऐकू लागली. तो दोन दोन पायऱ्या एकदम चढत होता.