एका तोंडाची साक्ष

पहिला चहा यायच्या आतच सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून बी शंग गेला. चीनमधला हा साधा कारागीर. अक्षरांचे मातीचे सुटे खिळे भाजून, ते जुळवून छपाई करायची युक्ती त्यानं हजारेक वर्षांपूर्वी काढली, असं पुस्तकात छापलेलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या नावाशेजारी लाल ठिपका उमटला आणि खाली आकडा आला: साक्षी, एक.

"एका अधिकाऱ्यानं आपल्या टिपणांत त्याच्याबद्दल थोडंसं लिहिलंय. बाकी सगळ्यांनी तेच उतरवून काढलंय," यंत्र चालवणारी निलोफर मुजावर म्हणाली. तिच्या आवाजात खंत होती, पण बोटं पुढच्या ओळीकडे वळलीसुद्धा.

पुण्यातल्या पाठ्यपुस्तक समितीच्या खोलीत या यंत्राला येऊन महिनाच झाला होता. त्याचं कागदोपत्री नाव साक्षतुला. जगभरचे ग्रंथ, शिलालेख, ताम्रपट, मातीच्या पाट्या असं सगळं तिच्या पोटात होतं. एखादं विधान तिच्यात घातलं की ते कुणी कुणाकडून उचललं, याचा माग काढत ती थेट उगमापर्यंत जाई. एकमेकांशी संबंध नसलेली किती तोंडं तीच गोष्ट सांगतात, ते मोजून दाखवी. पाचामुखी परमेश्वर, म्हणून लोक तिला 'पाचामुखी'च म्हणत. सरकारचा नियम मात्र दोन मुखांवर भागत होता. दोन स्वतंत्र साक्षी असतील तर ठिपका हिरवा; नसतील तर लाल, आणि पुस्तकात जागा नाही.

नियम उगाच आला नव्हता. समितीचे अध्यक्ष खानापूरकर सर तो कुणी मोडू पाहिलं की एकच गोष्ट सांगत. यंत्रांकडून जुने कागद हुबेहूब बनवून घ्यायचा धंदा फोफावला होता, त्या काळात त्यांच्या गावात कुणीतरी जमिनीच्या हक्काची एक 'पुरातन' सनद फिरवली. सनद खोटी होती, पण तिच्या नावानं जळालेली घरं खरी होती. त्यातलं एक सरांच्या थोरल्या बहिणीचं होतं. असा माणूस पुराव्याच्या बाबतीत रेसभर हलणार नाही, हे रेवती धायगुडेंना ठाऊक होतं, आणि त्यांचा त्याबद्दल रागही नव्हता.

रेवतीबाई फलटणच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. समितीत त्या एकट्याच शाळेतून आलेल्या, बाकीचे विद्यापीठातले. दुपारपर्यंत त्या गप्प राहिल्या, नुसते ठिपके पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हिरवं काय काय राहिलंय, ते जरा एकत्र दाखवायला सांगा ना."

निलोफरनं दाखवलं. ग्रीकांची इराण्यांशी लढाई, रोमची कार्थेजशी लढाई, मंगोलांच्या स्वाऱ्या, धर्मयुद्धं. एकाखाली एक, सगळी हिरवीगार.

"लढाईला साक्षीदार आयते मिळतात," रेवतीबाई म्हणाल्या. "दोन बाजू असतात ना! एक जिंकलो म्हणून लिहितो, दुसरा बुडालो म्हणून. पण भाकरी करणाराला, कागद करणाराला शत्रू नसतो. त्याच्याबद्दल कुणी एकानं लिहिलं तर लिहिलं. अशानं पोरींना वाटेल, माणसानं पाच हजार वर्षं नुसती मारामारीच केली."

"वाटू नये हे मलाही वाटतं, बाई. पण वाटण्यावर पुस्तक निघत नाही," सर म्हणाले. "पुढचं घ्या."

पुढचं तप्पुतीचं होतं. रेवतीबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

हा पाठ त्यांनीच लिहिलेला. सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या राजवाड्यात अत्तरं बनवणारी तप्पुती. नाव माहीत असलेली जगातली पहिली रसायनकार, असं तिला म्हणतात. तिची एक कृती मातीच्या पाटीवर उरली आहे. तिच्याच काळातल्या दुसऱ्या एका अत्तरवालीचं नाव पाटी फुटल्यानं अर्धंच उरलं: …निनू. वर्गातल्या मुली दरवर्षी ते आपापल्या मनानं पुरं करत आणि त्यावरून भांडत. त्या अख्ख्या पुस्तकात राणी नाही, देवी नाही, कुणाची आई म्हणून आलेली नाही, नुसती सकाळी उठून कामाला जाणारी बाई ती एवढीच. ती जाऊ द्यायची नाही, हे रेवतीबाईंनी लाल ठिपका उमटायच्या आधीच ठरवून टाकलं.

"मला पुढच्या बैठकीपर्यंत मुदत द्या. दुसरा साक्षीदार आणते."

"तीन हजार वर्षांपूर्वीचा?" सर हसले. "आणा."

दिवाळी तोंडावर आली होती. फलटणच्या काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याच्या सामानाला झुंबड होती. रेवतीबाईंनी वेखंड, नागरमोथा आणि हिराबोळ मागितलं. पाटीवरची बहुतेक नावं आपल्याकडच्या डब्यांतलीच निघाली होती.

"उटण्याला का बाळंतिणीला?" दुकानदारानं विचारलं.

"राजाला," बाई म्हणाल्या.

त्यांचा हिशोब सरळ होता. कृती खोटी असेल तर ती साधणार नाही. साधली, तर ती करून पाहणारा हात हाच दुसरा साक्षीदार. साक्षतुलेनं काढून दिलेला कृतीचा गोषवारा त्यांनी ओट्यासमोर चिकटवला आणि कामाला लागल्या. पाण्यात मुळ्या भिजवल्या, गाळल्या, तेल घातलं, मंद आचेवर ठेवलं. तेलाला वास आला तो जेमतेम बाळंतिणीच्या खोलीचा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आच वाढवली, तर तेल करपलं आणि शेजारच्या काकू काय जळलं म्हणून बघायला आल्या. हात टेकायची वेळ आली, पण बाईंचा स्वभाव असा, की हात टेकले तरी ते ओट्यावरच टेकायचे.

मग त्यांनी गोषवारा फाडला आणि पाटीचं पूर्ण भाषांतर निलोफरकडून मागवलं. त्यात तोच मजकूर फिरून फिरून येत होता. रात्रभर भिजव, सकाळी गाळ, नवं सामान घाल, झाक. पुन्हा भिजव, पुन्हा गाळ, नवं सामान घाल. यंत्रानं ही पुनरुक्ती समजून सगळं एका ओळीत आटपलं होतं. जे दोनदा सांगितलं ते एकच, हे त्याचं शिक्षणच होतं.

बाईंनी यंत्राचं ऐकणं सोडलं आणि तप्पुतीचं ऐकलं. त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा नवं सामान पडत गेलं, तसं पाणी दाट होत गेलं. मग त्यात तेल पडलं. भाऊबीजेच्या सकाळी झाकण उघडलं आणि घरभर असा वास सुटला की बाई खालीच बसल्या. त्यांना रडू आलं. इतक्या लांबचं माणूस इतक्या जवळ आल्यावर दुसरं काय होणार?

त्याच दिवशी त्यांनी भाषांतराची शेवटची ओळ नीट वाचली. आजवर ती नुसती सही समजून त्या पुढं जात आल्या होत्या.

बैठकीत त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. बाईंनी स्वतःच घेतलेली प्रयोगाची चित्रफीत आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं केलेली तेलाची तपासणी निलोफरनं साक्षतुलेत घातली. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला: कृती, सिद्ध. त्याखाली दुसरी ओळ आली आणि ठिपका लाल झाला: व्यक्ती, असिद्ध.

"उत्तम!" सरांना मनापासून आनंद झाला होता. "पाठ राहिला, बाई. नाव तेवढं काढू. 'प्राचीन मेसोपोटेमियात सुगंधी तेले बनवली जात.' झालं."

"कोण बनवत होतं?"

"ते सिद्ध नाही."

"सर, तेल आपोआप बनत नाही. माझ्या घरची फडकी हुंगून बघा." रेवतीबाई उठून पडद्यापाशी गेल्या. "पाटी एक म्हणून यंत्र तोंड एक धरतंय. पण शेवटची ओळ वाचा. 'अत्तरकार तप्पुतीच्या तोंडून.' तिनं सांगितलं आणि लेखनिकानं लिहिलं. ही दोन माणसं आहेत, सर. कृती ही तिची साक्ष, आणि ती खरी निघाली, हे आपण आत्ता पाहिलं. नाव ही त्याची साक्ष. नाव गाळून त्याला राजाचं लावता आलं असतं. त्यानं तिचं ठेवलं."

निलोफरनं तो मुद्दा यंत्राला घातला. ठिपका लालच राहिला. "एका वस्तूवर एकच तोंड, असंच शिकवलंय त्याला," ती म्हणाली. "याच्या पुढचं ते माणसांना विचारतंय."

खानापूरकर सरांनी बाटली उघडली, वास घेतला, पुन्हा बंद केली. "त्या सनदेवरही एक नाव होतं, बाई," ते हळूच म्हणाले. "तेव्हाही सगळ्यांना ते खरंच वाटलं होतं."

"हो. पण त्या सनदेनं जे सांगितलं ते कुणी पडताळून पाहिलं नाही, सर. सगळे थेट काड्या घेऊन निघाले."

सरांनी बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. मग मतदान झालं. एकेक हात वर गेला. सरांचा सगळ्यांच्या शेवटी, पण गेला. लाल ठिपक्याशेजारी निलोफरनं टाइप केलं: समितीच्या जबाबदारीवर ठेवले. या यंत्रापुढं माणसांनी जबाबदारी घ्यायची ही पहिलीच वेळ होती.

"आणि निनू?" सरांनी विचारलं. "तिचं तर नावही पुरं नाही."

"बी शंगही राहिलाय. मी मातीचे खिळे भाजायला घेतलेत," रेवतीबाई म्हणाल्या. सरांनी कपाळाला हात लावला, पण ते हसत होते.

सगळे पांगले. बाई जाता जाता निलोफरच्या मनगटाला तेलाचं बोट लावून गेल्या, तेव्हा तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं यंत्रात एक ओळ टाकली: रेवती धायगुडे यांनी तप्पुतीचे अत्तर पुन्हा बनवले.

यंत्रानं क्षणभर शोध घेतला. ठिपका लाल. साक्षी, एक. स्रोत, स्वतः रेवती धायगुडे.

"बाई!" तिनं दारातून हाक मारली. "हे तर तुम्हालाही धरत नाहीये."

रेवतीबाई परत आल्या, पडद्याकडे पाहून आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी निलोफरचं मनगट उचलून तिच्याच नाकापाशी नेलं.

"वास येतोय?"

"येतोय की."

"मग दुसरं तोंड कुणाचं गं?"