पहिलं उत्तर

"भुयार क्रमांक चार रिकामं आहे. हवा बंद करत आहोत."

वायुनियंत्रकाची यांत्रिक घोषणा चंद्रवसाहतीच्या नियंत्रण कक्षात घुमली आणि शाल्मली टिपणीसचं डोकंच सटकलं.

"रिकामं कसलं डोंबलाचं! माझा भाऊ आहे तिथे. निनाद! दरड कोसळली तेव्हा आम्ही बोलत होतो."

संचालक गुर्जरांनी मानही वर केली नाही. "टिपणीसबाई, शोधयंत्र म्हणतंय, कुणी नाही. भावना बाजूला ठेवा."

भावना म्हणे! शोधयंत्राची मुख्य अभियंता तीच होती. अपघातानंतर हवा वाचवायची म्हणून वायुनियंत्रक टोकाच्या भुयारापासून एकेक जागेबद्दल शोधयंत्राला विचारत आत येत होता. 'कुणी नाही' असं उत्तर आलं की तिथली झडप बंद.

"सर, आपले पाच सर्व्हर एकाच वेळी चालतात. प्रश्न पाचांनाही जातो आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते आपण खरं धरतो. बरोबर?"

"बरोबर. माझीच कल्पना."

"आणि वेग दिसावा म्हणून एकाला तुम्ही पुरवणी जोडायला लावलीत. क्षणात सापडलं नाही, तर 'कुणी नाही' म्हणून मोकळं व्हायचं."

"पाचांतल्या एकालाच! बाकीचे चार शोधतात की."

"शोधतात, पण संवेदकांच्या माहितीचा नुसता पूर आलाय. चौघांना प्रत्येक प्रश्नाला काही मिनिटं लागतात. हा न शोधताच बोलतो. मग पहिला कोण येणार? दर वेळी हाच! चौघांची खरी उत्तरं आपण केराच्या टोपलीत टाकतोय! पुरवणी काढायला तुमचा अंगठा लागतो. द्या."

"पृथ्वीवरून आपल्या वेगाची पाहणी चालू आहे. उद्या समितीपुढे ठेवू."

उद्या! निनादच्या भुयारात तासाभराचीही हवा उरली नव्हती आणि या माणसाला समिती सुचत होती. शाल्मलीने दात-ओठ खात कळफलक ओढला आणि प्रश्न टाकला: विद्याधर गुर्जर कुठे आहेत?

पापणी लवायच्या आत उत्तर आलं. कुणी नाही.

गुर्जर हसले. "काहीतरीच! मी हा इथे बसलोय."

"निनादही तिथे असाच बसलाय!" ती किंचाळली. "लाज वाटत नाही हसायला?"

गुर्जर काही बोलणार, तोच पुन्हा तशीच घोषणा झाली.

"नियंत्रण कक्ष रिकामा आहे. हवा बंद करत आहोत."

छतातली घरघर थांबली. दार आपोआप घट्ट बसलं. गुर्जर धडपडत उठले, दाराशी जाऊन ते दोनदा ओढून पाहिलं आणि धावत येऊन अंगठा टेकवला. "काढा! काढा ती पुरवणी!"

शाल्मलीने ती काढली. वायुनियंत्रकाने पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आता पडद्यावर काहीच येईना.

"किती वेळ लावतंय हे!" गुर्जरांनी कॉलर सैल केली.

"शोधतंय, सर. शोधायला वेळ लागतो."

अखेर अक्षरं उमटली. भुयार चार. एक माणूस. श्वास चालू. हवा सोडत आहोत.

शाल्मली खुर्चीत कोसळली आणि हुंदके देऊन रडू लागली. गुर्जर घामाने निथळत तिच्याजवळ आले.

"आणि आपली? आपली हवा कधी?"

तिने डोळे पुसले. "टोकापासून विचारत येतोय तो. आपला नंबर शेवटचा. खाली बसा आणि तोंड मिटा, हवा कमी लागेल."