ड्वेन पेशेकच्या जाकिटातला चाकू

लुडी पेशेक आत आली ती उभ्यानेच बोलू लागली.

"संध्याकाळी माझ्या पोराला बेड्या घालतील. बर्ल वाचला तर पोरगा तुरुंगात सडेल, आणि मेला तर..." 

हार्लन डीटर्टने खुर्ची पुढे सरकवली. निवृत्त झाल्यापासून तो गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या विल्मा कोत्सूरची गाडी चालवायचा आणि रडणाऱ्या माणसांना पाणी द्यायचा. गुन्हे शोधण्याची अक्कल आपल्याला नाही, हे त्याला ठाऊक होते. तरी दर वेळी तो एखादा तर्क लढवायचाच आणि दर वेळी तोंडघशी पडायचा.

"बसा, आणि पहिल्यापासून सांगा," विल्मा म्हणाली.

बर्ल शूमनला टेक्सासच्या त्या डोंगराळ मुलखात कोण ओळखत नव्हते? घोडा फेकत जाऊन धावत्या गोऱ्ह्याच्या शिंगांत फास टाकावा तर त्यानेच. मागच्या पायांत फास टाकायला त्याच्या जोडीला लुडीचा ड्वेन असायचा. मग एका शर्यतीत खोगिराच्या खुंटीला दोराचा वेढा देताना ड्वेनचा उजवा अंगठा त्यात सापडला आणि तुटूनच गेला. बर्लने क्लिफ्टन हेबीला जोडीदार केले. ड्वेन त्याच तबेल्यात घोडे धुवायला राहिला.

आज सकाळी सरावात बर्लच्या खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, तुटला. खोगिरासकट तो लोखंडी कठड्यावर आदळला. आता सॅन अँटोनियोच्या इस्पितळात तो बेशुद्ध होता. तंग आतल्या बाजूने अर्धा कापलेला निघाला आणि त्याच्या अस्तराची लोकर ड्वेनच्या चाकूच्या सांध्यात अडकलेली सापडली.

"चाकू कुठे होता?"

"जाकिटात. जाकीट खोगिरांच्या खोलीत खिळ्याला. पोरगा बाहेर घोडी धूत होता हो! त्या खोलीत सगळ्यांचीच ये-जा."

"सगळ्यांची म्हणजे?"

"सकाळी तिघंच होते. मुकादम एलरॉय, बर्लची बायको नोरीन आणि क्लिफ्टन. पण शेरीफ म्हणतो, राग होता तो ड्वेनलाच. जागा गेली म्हणून."

"चाकू जुना?"

"याच महिन्यात घेतलाय. ओटमार झुंकरकडून."

विल्माने टोपी उचलली.

ओटमारचे दुकान चाकूंचेच होते. ड्वेनचे नाव काढताच म्हाताऱ्याने मखमलीचे तबक बाहेर काढले.

"अर्धा दिवस खाल्ला त्याने माझा! रोज खिशात बाळगायचा चाकू हवा, लहान हवा आणि एका हाताने उघडला पाहिजे. नेहमीचा घडीचा चाकू उघडायला अंगठा लागतो. तो आणायचा कुठून? म्हणून हे खटक्याचे दाखवले."

"हा नाही घेतला?" विल्माने एक काळा उचलला.

"तो थोराड आहे. खिशात वीट घेऊन फिरल्यासारखा. हा दुसरा बघा, याचं पातं समोरून सरळ बाहेर येतं, खटका पुढेमागे सरकवायचा. असाच नोरीनबाईंनी नेलाय. पण सरकवायलाही अंगठाच हवा. शेवटी हा पसंत पडला."

तो तळहातात मावेल एवढा हिरवा चाकू होता. मुठीच्या मधोमध बटण. ओटमारने तर्जनीने दाबले आणि पाते बाजूने फटकन बाहेर आले. हार्लन दचकून मागे सरला.

"मिटताना बटण दाबून धरायचं आणि पातं मांडीवर रेटायचं. ते जमलं त्याला. म्हणाला, काका, एकदा दोर कापायला उशीर झाला तर अंगठा गेला, आता उशीर नको."

"बटणामागे हे काय?"

"सेफ्टी. पुढे सरकवली की बटण दबत नाही, चाकू खिशात आपसूक उघडत नाही. तीही अंगठ्याचीच. चुकून पुढे सरकली तर ऐन वेळी काय करू, म्हणाला. माझ्याकडून ती मागेच चिकटवून घेतली. स्क्रूला लावतो ना, त्या निळ्या डिंकाने. मी बडबड बडबड बडबडलो. पण ऐकेल तर तो पेशेक कसला!"

विल्माने तसाच दुसरा चाकू संध्याकाळपर्यंत मागून घेतला.

शेरीफ टेबलावर पाय टाकून बसला होता. प्रकरण निकालात निघाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"चाकू मिटलेला होता, बाई. दुसऱ्याने उघडलेला चाकू आपल्याकडे कोणी मिटतं का? अपशकुन! उघडा दिला तर उघडाच परत करायचा, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे ज्याने उघडला त्यानेच मिटला. झालं की!"

"पटलं," विल्मा म्हणाली. "तुम्ही उघडलात तेव्हा सहज उघडला?"

"छे! बटण दाबतोय, दाबतोय, ढिम्म हलेना. मग ती सेफ्टी मागे ओढली. खरखरत आली मेली, टेबलभर निळा भुगा."

"भुगा ठेवलाय का?"

"पाकिटात आहे. का?"

"ठेवाच. आणि साहेब, ड्वेनला नेण्याआधी तबेल्यात घेऊन या. त्याच्या आईसाठी एवढं करा."

शेरीफ कुरकुरला, पण हो म्हणाला.

तबेल्यात मुकादम एलरॉय वायट्रेक भेटला. त्याच्या पट्ट्याला चामड्याची पिशवी होती. तिच्यातून जुना घडीचा चाकू काढून त्याने पाते नखाने उघडले आणि तंबाखूचा तुकडा कापला.

"बटणाचे चाकू म्हणजे पोरांची खेळणी," तो म्हणाला. "माझं आणि बर्लचं पगारावरून वाजलं होतं, लपवत नाही. पण तंग कापेन? त्या घोड्यावर माझा जीव आहे."

नोरीन नवऱ्याचे कपडे न्यायला आली होती. डोळे सुजलेले. विल्माने विचारताच तिने आपला चाकू पुढे केला आणि खटका सरकवून दाखवला. पाते समोरून बाहेर आले, आत गेले.

"बर्लचा ड्वेनवर राग होता?"

"राग? झोपेत त्याचं नाव घ्यायचा हो! मंगळवारी क्लिफ्टनशी दार लावून बोलला आणि बाहेर आला तो कसा हलका होऊन. काय झालं विचारलं, तर म्हणे आधी ज्याला सांगायचंय त्याला सांगतो, मग तुला. आज सांगणार होता." तिने तोंडावर पदरासारखा शर्टच धरला, बर्लचा.

क्लिफ्टन हेबी दोर गुंडाळत होता. हात पाहावेत तर त्याचे; दोर जणू आपणच वेटोळे घालत होता.

"मंगळवारी काय बोललात?"

"शर्यतींचं. दुसरं काय?"

"तुमचा चाकू दाखवता?"

"मी नाही बाळगत."

"ऐका!" मागून एलरॉय खिदळला. "फास टाकणारा गडी आणि खिशात चाकू नाही! उद्या चड्डीही विसरशील, लेका."

"हरवला," क्लिफ्टन चिडून म्हणाला. "साधाच होता. ते बटणाचे मला उघडताही येत नाहीत."

त्याच्या जीन्सच्या उजव्या खिशाच्या काठाला बोटभर रुंद, पांढुरकी घासलेली पट्टी होती. मोजायची टेप अडकवत असेल, असे हार्लन हळूच विल्माला म्हणाला.

बाहेर येताच त्याने विल्माला गाठले. "बायकोच! खटक्याचा चाकू तिच्याकडेच आहे, बाकी कोणाकडे नाही."

"हार्लन, गाडी जरा सावलीत लावता?"

हार्लन मुकाट्याने गेला.

उन्हे कलली तेव्हा शेरीफ ड्वेनला घेऊन आला. पोराच्या हातांत बेड्या होत्या. लुडी धावली, पण शेरीफने तिला हातानेच थांबवले. ड्वेनने मान वर केली नाही.

"घोडे सकाळपासून उपाशी आहेत," विल्मा म्हणाली. तिने ओटमारकडचा हिरवा चाकू काढला. "गवताच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापून मोकळ्या करा. मुकादम, तुम्ही आधी. हा मिटलेला देतेय, मिटलेलाच परत करा."

"नाटकं कशाला?" शेरीफ म्हणाला.

एलरॉयने बटण दाबले. काही झाले नाही. त्याने चाकू हलवला, कानाशी नेला. "बिघडलाय," म्हणून परत दिला.

नोरीन बटण पुढे सरकवू पाहत राहिली. ते सरकेना. "मला नाही जमत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला इस्पितळात जाऊ द्या."

"क्लिफ्टन?"

हार्लन एक पाऊल पुढे सरकला. 

"द्या इकडे," क्लिफ्टन वैतागून म्हणाला. "घोडे मरतील भुकेने."

पाते फटकन उघडले. दोरी तुटली. पाते मिटले, अंगठा जरासा पुढे गेला आणि चाकू विल्माच्या हातात परत आला.

विल्माने बटण दाबले. ते हलले नाही.

"साहेब, ज्याने उघडला त्यानेच मिटला, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण उघडणारा ड्वेन नव्हता. अंगठा नाही म्हणून त्याने सेफ्टी मागे चिकटवून घेतली होती, ओटमारला विचारा. तुम्हाला ती पुढे सरकवलेली सापडली आणि डिंकाचा भुगा पडला. ऐन वेळी उघडलाच पाहिजे म्हणून घेतलेला चाकू हा पोरगा स्वतःच कशाला बंद करून ठेवेल?"

शेरीफने खिसे चाचपून भुग्याचे पाकीट काढले.

"ते ज्याने केलं त्याला डिंकाची खबर नव्हती. त्याने चाकू मिटला, सवयीने सेफ्टी रेटली. अडली, तर जोर लावला. ही सवय रोज असाच चाकू बाळगणाऱ्याची. मुकादम नखाने पातं उघडतात. नोरीनबाईंच्या चाकूला वेगळी सेफ्टीच नाही. आणि ज्याला हे चाकू उघडताही येत नाहीत, त्याने आत्ता न बघता सेफ्टी काढली आणि लावलीही. हार्लन, ती खिशावरची पट्टी टेपची नाही, खिशाला चाकू अडकवायच्या क्लिपची आहे. चाकू लपवला, पण जीन्स बदलायला विसरला."

क्लिफ्टनने स्वतःच्या हाताकडे पाहिले. पळायचे त्याच्या मनात आले असावे, पण एलरॉय दारात जाऊन उभा राहिला होता.

"मंगळवारी काय म्हणाला बर्ल?" विल्माने शांतपणे विचारले.

"दोन हंगाम जिंकून दिले मी त्याला!" क्लिफ्टन एकदम ओरडला. "आणि म्हणतो, तू दुसरा जोडीदार बघ, मला ड्वेन परत हवाय. मी म्हटलं, त्याला अंगठा नाही! तर म्हणतो, नसू दे, हरलो तर त्याच्यासोबत हरेन."

ड्वेनने पहिल्यांदाच मान वर केली.

"काय म्हणाला?"

क्लिफ्टन दाराकडे वळला, पण एलरॉय जागचा हलला नाही.

"परत सांग. काय म्हणाला तो?"

"परत हवाय म्हणाला," क्लिफ्टन पुटपुटला. "तू."

शेरीफने बेड्या काढल्या तेव्हा ड्वेनचे तिकडे लक्षच नव्हते. तो तसाच मटकन गवतावर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. लुडी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हार्लनने पाण्याची बाटली शोधली, पण या वेळी ती आधी स्वतःच तोंडाला लावली.

नोरीनने कपड्यांची पिशवी उचलली आणि गाडीच्या किल्ल्या ड्वेनपुढे धरल्या.

"ऊठ. मला नाही चालवता येणार आत्ता," ती म्हणाली. "त्याने डोळे उघडले की समोर तूच हवास."